देवांचे आईबाप : नोंद की दावा?

चिकित्सक : ग्रीक देवदेवतांचा वंशवृक्ष दाखवणारे तक्ते आजही पुस्तकांत छापले जातात आणि त्यांतल्या रेषा इतक्या ठामपणे आखलेल्या असतात, की एखाद्या संस्थानिकाच्या घराण्याची वंशावळच समोर आहे असे वाचकाला वाटावे. मूळ काव्ये उघडली की मात्र त्या रेषा एकेक करून पुसाव्या लागतात. प्रेमाची देवता अ‍ॅफ्रोडायटी होमरच्या इलियडमध्ये झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी आहे. हेसिअडच्या ‘थिओगनी’त, म्हणजे देवांच्या उत्पत्तीची कथा सांगणाऱ्या इ.स.पू. ७०० च्या सुमाराच्या काव्यात, तिला आईच नाही. आकाशदेव युरेनसचे छाटलेले जननेंद्रिय समुद्रात पडले आणि त्याभोवती जमलेल्या फेसातून ती जन्मली, त्यामुळे ती झ्यूसच्याही आधीच्या पिढीत जाऊन बसते. लोहारदेव हेफेस्टस होमरच्या काव्यात झ्यूस व हेरा यांचा मुलगा आहे, तर हेसिअडच्या मते झ्यूसने अथीनेला स्वतःच्या मस्तकातून जन्म दिल्याचा राग येऊन हेराने त्याला एकटीने जन्माला घातले. आता अथेन्सच्या मृत्पात्रांवर अथीनेच्या जन्माची जी चित्रे आहेत, त्यांत झ्यूसचे डोके कुऱ्हाडीने फोडून तिला वाट करून देणारा म्हणून अनेकदा हा हेफेस्टसच उभा असतो. जो जन्म झाला म्हणून हा जन्मला, त्या जन्माच्या वेळी हा हजर कसा? मॉइराय, म्हणजे माणसाचे आयुष्य मोजून देणाऱ्या तीन नियतिदेवता, तर एकाच ‘थिओगनी’त आधी रात्रीच्या मुली आहेत आणि पुढे झ्यूस व थेमिस यांच्या. अशा सामग्रीला वंशावळ म्हणणे म्हणजे कथाकारांच्या बेफिकिरीला शास्त्राचे नाव देणे होय.

रसिक : बेफिकिरीचा आरोप टिकण्यासाठी आधी एक अधिकृत वंशावळ होती आणि कवींनी ती सांभाळली नाही, असे दाखवावे लागेल. ग्रीकांकडे तसा कोणताही धर्मग्रंथ नव्हता, आणि कोणती कथा खरी हे ठरवणारे पुरोहितमंडळही नव्हते. प्रत्येक नगराचे, प्रत्येक देवळाचे आणि प्रत्येक कवीचे स्वतःचे म्हणणे होते. अशा व्यवस्थेत आईबापांचे नाव घेणे म्हणजे त्या देवतेचे सामर्थ्य कोठून येते आणि कोणाच्या खाली राहते, याविषयी भूमिका घेणे होय. अ‍ॅफ्रोडायटी झ्यूसच्या आधीची मानली, तर कामवासना ही देवांच्या राजालाही आवरता न येणारी आदिशक्ती ठरते. ती झ्यूसची मुलगी मानली, तर इलियडच्या पाचव्या सर्गातला प्रसंग शक्य होतो : डायोमिडीज या मर्त्य योद्ध्याच्या भाल्याने मनगटाजवळ जखमी झालेली ती आईच्या मांडीवर जाऊन कोसळते, डायोनी तिची जखम पुसते आणि माणसांकडून मार खाल्लेल्या इतर देवांची उदाहरणे देऊन तिला समजावते, तर झ्यूस हसून तिला युद्ध हे तुझे काम नव्हे असे सांगतो. फेसातून जन्मलेल्या देवतेला हा प्रसंग शोभलाच नसता. मॉइरायचेही तसेच आहे. मृत्यू, निद्रा, कलह अशी माणसाला न टळणारी सारी अरिष्टे रात्रीच्या पोटी येतात, तेथे त्या रात्रीच्या मुली आहेत. झ्यूसचे राज्य स्थिर होऊन तो थेमिसशी, म्हणजे मूर्तिमंत विधिनियमाशी, विवाह करतो, तेथे त्याच नियतीला राजाच्या घरात जागा मिळते. येथे कवीचा विसराळूपणा नाही. नियती आंधळी आहे की न्यायी, या प्रश्नाची दोन उत्तरे त्याने आईबापांच्या नावांनी दिली आहेत.

चिकित्सक : हे स्पष्टीकरण देखणे आहे, पण मागाहून आलेल्या वाचकाला कोणत्याही दोन विसंगत विधानांत असा हेतू सापडू शकतो. ‘थिओगनी’च्या अखेरचा काही भाग नंतर जोडला गेला असावा असे अनेक अभ्यासक मानतात, तसे असेल, तर दोन हातांनी केलेल्या दोन नोंदींना एका मनाचा विचार समजण्याची चूक होते. त्याहून मोठी अडचण अशी, की खुद्द ग्रीकांनी या वंशावळींकडे केवळ अर्थाची भाषा म्हणून पाहिले नाही. त्यांनी पिढ्या मोजल्या. मिलेटस नगरातील हेकाटेअस या लेखकाने आपले घराणे सोळाव्या पिढीत एका देवापाशी पोहोचते असे इजिप्तमधील थीब्ज येथील पुरोहितांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्याला देवळाच्या आत नेऊन मुख्य पुरोहितांचे लाकडी पुतळे एकेक करून मोजून दाखवले, अशी हकिकत इतिहासकार हिरोडोटस देतो. प्रत्येक पुरोहित हयातीतच तेथे आपला पुतळा उभारी आणि पद बापाकडून मुलाकडे जाई. असे ३४५ पुतळे तेथे होते आणि त्यांत माणसाच्या पोटी माणूसच आला होता, देव कोठेही नव्हता. हिरोडोटस स्वतः तीन पिढ्यांना शंभर वर्षे असा हिशेब धरून काळ काढतो. ज्याला वंशावळ ही रूपकाची भाषा वाटते, तो पिढ्यांची बेरीज करत बसत नाही. पुढे रोमन लेखक सिसेरो याच्या देवांविषयीच्या संवादात एक पात्र या विसंगतींचा हिशेब जुळवण्यासाठी तीन ज्युपिटर, चार व्हल्कन आणि पाच मिनर्व्हा अशी यादीच वाचून दाखवते, म्हणजे बाप वेगळा निघाला की देवही वेगळा मोजायचा! ती यादी उपहासासाठी आहे हे खरे, परंतु विसंगती प्राचीनांनाही बोचत होती, एवढे तिच्यावरून सिद्ध होते.

रसिक : बोचत होती हे मान्य, पण ती मिटवण्याचे मार्ग यादीहून अधिक सूक्ष्म होते. हेलनचेच उदाहरण घ्यावे. प्रचलित कथेत ती झ्यूस आणि लेडा यांची मुलगी आहे, तर ‘सिप्रिया’ या लुप्त महाकाव्यात तिची आई नेमेसिस, म्हणजे मर्यादा ओलांडणाऱ्याला शासन करणारी देवता आहे. अ‍ॅटिकामधील रॅम्नूस येथे नेमेसिसचे मंदिर होते आणि तेथील मूर्तीच्या चौथऱ्यावर लेडा हेलनला नेमेसिसकडे घेऊन जात असल्याचे शिल्प कोरलेले होते, असे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो. त्या चौथऱ्याचे तुकडे उत्खननात सापडलेही आहेत. जन्मदाती नेमेसिस आणि वाढवणारी लेडा, अशी ही उकल आहे. देवकी आणि यशोदा दोघींनाही आई मानणाऱ्या मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. ट्रॉयचे युद्ध जिच्यासाठी झाले ती स्त्री शासनाच्या देवतेच्या पोटची आहे असे म्हटले, की युद्धाचा सारा अर्थ पालटतो, आणि तरीही लेडाचे मातृत्व नाकारावे लागत नाही. वीरांच्या कथांत तर असे दुहेरी पितृत्व हाच नियम आहे. थीसियसचा एक पिता अथेन्सचा राजा इजियस, दुसरा समुद्रदेव पोसायडन. राज्य, घर आणि वारसा मर्त्य पित्याकडून मिळतो, अमानुष बळ देवाकडून. हेराक्लीजच्या बाबतीत हे नाते कथेचे यंत्रच चालवते. इलियडच्या एकोणिसाव्या सर्गात झ्यूस शपथ घेऊन सांगतो, की आज जो माझ्या रक्ताचा पुरुष जन्मेल तो भोवतालच्या सर्वांवर राज्य करील. हेरा हेराक्लीजच्या आईचे, अल्कमेनीचे, बाळंतपण रोखून धरते आणि पर्सियसच्याच कुळातील युरिस्थियसला सातव्या महिन्यात जन्माला आणते. पर्सियस हा झ्यूसचा मुलगा, म्हणून त्याचा नातू युरिस्थियस झ्यूसच्याच रक्ताचा. शपथ अक्षरशः खरी ठरते आणि हेराक्लीजला त्याची चाकरी करावी लागते. वंशावळीतली एक पायरी सैल असती तर ही कथा उभीच राहिली नसती.

चिकित्सक : या उदाहरणातून वंशावळीचे खरे काम उघड होते, आणि ते अर्थ सांगण्याचे नसून हक्क सांगण्याचे आहे. युरिस्थियसला जे राज्य मिळाले ते कर्तृत्वाने नव्हे, तर जन्माच्या मुहूर्ताने. स्पार्टामध्ये एकाच वेळी दोन राजे असत आणि त्यांची दोन्ही घराणी हेराक्लीजच्या वंशातील जुळ्या भावांपासून आली असे मानले जाई. राजसत्तेचा आधार तेवढाच होता. ग्रीसवर स्वारी करण्यापूर्वी इराणचा सम्राट झर्क्सीज याने आर्गोस नगराकडे दूत पाठवून, आम्ही पर्सियसचा मुलगा पर्सेस याचे वंशज, म्हणजे तुमचेच भाऊबंद, तेव्हा तुम्ही लढाईत पडू नका, असा निरोप दिला, ही कथा ग्रीसमध्ये सांगितली जात होती असे हिरोडोटस नोंदवतो. सर्वांत बोलके उदाहरण आयॉनचे आहे. ज्याच्या नावावरून एखादा जनसमूह ओळखला जातो अशा मूळ पूर्वजाला वंशपुरुष म्हणावे. आयॉन हा आयोनियन ग्रीकांचा आणि डोरस हा डोरियन ग्रीकांचा वंशपुरुष. हेसिअडच्या नावावर चालणाऱ्या आणि आज पपायरसच्या तुकड्यांत उरलेल्या ‘स्त्रियांची नामावली’ या काव्यात आयॉन हा झूथसचा मुलगा आहे आणि डोरस हा झूथसचा भाऊ. डोरियन स्पार्टाशी अथेन्सचे युद्ध पेटलेले असण्याच्या काळात युरिपिडीजने ‘आयॉन’ हे नाटक लिहिले, आणि त्यात आयॉन अपोलोचा मुलगा झाला, तर डोरस हा झूथसला नंतर होणारा मुलगा. जो चुलता होता तो एकाच आईचा धाकटा भाऊ होऊन बसला, आणि त्याचा बापही देव नसून मर्त्य माणूसच ठरला. ज्या वंशावळीत शत्रूच्या पूर्वजाला युद्धाच्या सोयीने दोन पायऱ्या खाली उतरवता येते, ती केवळ प्रचाराचे साधन आहे. प्लेटोच्या ‘थिएटेटस’मध्ये सॉक्रेटिस म्हणूनच विचारतो, की हेराक्लीजपर्यंत पंचवीस पूर्वज मोजून दाखवण्यात मोठेपणा कसला, कारण त्याच्याही मागे अगणित पूर्वज आहेतच आणि त्यांत राजे व गुलाम, श्रीमंत व भिकारी सारेच आलेले असतात.

रसिक : प्रचार म्हटले की ऐकणारा केवळ फसवला गेला असे गृहीत धरले जाते, परंतु ऐकणाराही या व्यवहारात तितकाच जाणता असे. लिसिया, म्हणजे आजच्या नैऋत्य तुर्कस्तानातील प्रदेश. तेथील झॅन्थोस नगराच्या लेटो देवीच्या क्षेत्रात एक दीर्घ शिलालेख सापडला आहे. इ.स.पू. २०६-२०५ मध्ये ग्रीसमधील डोरिस प्रांतातून, किटेनिऑन या लहान नगराचे दूत तेथे आले. भूकंप आणि शत्रूची स्वारी यांत त्यांच्या नगराचा कोट पडला होता आणि तो बांधण्यासाठी त्यांना पैसा हवा होता. त्यांनी मांडलेला मुद्दा असा, की लेटोने अपोलो व आर्टेमिस यांना लिसियात जन्म दिला, आणि अपोलोचा मुलगा अस्क्लेपिअस, म्हणजे वैद्यकाचा देव, डोरिसमध्ये जन्मला. म्हणून दोन्ही नगरे नातलग आहेत. झॅन्थोसच्या नागरिकांनी हे नाते मान्य केले, ते दगडावर कोरले, सार्वजनिक तिजोरी रिकामी असल्याचे सांगितले आणि कर्ज काढून ५०० ड्रॅक्मा हाती दिले. नगराचा कोट बांधण्यासाठी ही रक्कम फारच थोडी होती. पण तीतच या व्यवहाराचे मर्म आहे. दूतांचे नाते नाकारणे असभ्यपणाचे होते आणि त्या नात्यापायी नगर विकायला काढणे वेडेपणाचे. दोन्ही बाजूंना वंशकथेचे वजन किती, हे नेमके ठाऊक होते. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला मेगॅस्थेनीज याच्या आधारे एरियन हा लेखक सांगतो, की भारतात डायोनायसस देवापासून चंद्रगुप्तापर्यंत १५३ राजे आणि ६०४२ वर्षे मोजली जात, आणि मथुरेकडील शूरसेन लोक हेराक्लीजला विशेष मानत. अनोळखी देश आकलनात आणण्यासाठी ग्रीकांकडे हीच एक चौकट होती : तो देश कोणाचा कोण लागतो?

चिकित्सक : जी चौकट मथुरेलाही सामावून घेते तिला बाहेरची सीमाच नाही, आणि सीमा नसलेली चौकट काहीही सिद्ध करत नाही. शिवाय या व्यवहारात जाणते कोण होते, हेही पाहिले पाहिजे. दूत आणि नागरिक जाणते होते, कारण दोघेही पुरुष होते आणि दोघांनाही बोलण्याचा अधिकार होता. ज्यांच्या पोटी हे वंश जन्मले त्या स्त्रियांचे काय? इ.स.पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या इस्किलसच्या ‘युमेनिडीज’ या नाटकात आईचा खून केलेल्या ओरेस्टिसचा खटला चालतो. त्याच्या बाजूने अपोलो सांगतो, की आई ही मुलाची खरी जन्मदाती नसून पेरलेल्या बीजाची राखण करणारी आहे, आणि पुरावा म्हणून तो आईविना जन्मलेल्या अथीनेकडे बोट दाखवतो. आपल्याला आई नाही म्हणून आपला कौल पुरुषाच्या बाजूने, असे खुद्द अथीनाही म्हणते. वस्तुतः हेसिअडच्या कथेत अथीनेला आई आहे. मेटिस ही झ्यूसची पहिली पत्नी, आणि तिच्या पोटी येणारा मुलगा आपल्याला पदच्युत करील या भीतीने झ्यूसने तिला गरोदरपणीच गिळले. म्हणजे आधी आईला गिळायचे आणि मग मुलीला आई नव्हतीच असे न्यायालयात सांगायचे. अथेन्सचे लोक स्वतःला भूमिज म्हणवत, म्हणजे आपला मूळ पुरुष थेट मातीतून जन्मला असे मानत. त्याही कथेत मानवी आईला जागा नाही. वंशावळ कोणाचे सामर्थ्य कोठून येते हे सांगते, असे प्रतिपादन झाले. जोडीला हेही सांगितले पाहिजे, की ते सामर्थ्य कोणाकडून काढून घेतले गेले हे ती लपवते आणि माणसांनी घेतलेल्या निर्णयाला जन्माचे रूप देते.

रसिक : हा आक्षेप आतापर्यंतचा सर्वांत बळकट आहे, मात्र त्यात एक दुरुस्ती हवी. अपोलोचा युक्तिवाद नाटकात निर्विवाद जिंकत नाही. मते समसमान पडतात, आरोपी सुटतो आणि आईच्या रक्ताचा सूड मागणाऱ्या एरिनीजना मनधरणी करून अथेन्समध्ये मानाचे स्थान द्यावे लागते. शिवाय नाटकानंतर सातआठ वर्षांनी, इ.स.पू. ४५१-४५० मध्ये, त्याच नगराने पेरिक्लीजच्या सूचनेवरून असा कायदा केला, की आई व बाप दोघेही अथेनियन असतील तरच संतती नागरिक ठरेल. म्हणजे अपोलोच्या मुखी काहीही असो, कायद्याला आई लागत होती. पितृत्व हा तर तेथे उघडपणे दावाच होता. ओडिसीच्या पहिल्याच सर्गात टेलेमॅकस म्हणतो, की आई आपल्याला ओडिसियसचा मुलगा सांगते, पण स्वतःच्या जन्माविषयी कोणालाच खात्री नसते. अपाटुरिया या सणात अथेनियन बाप आपल्या मुलाला कुलसंघापुढे, म्हणजे समान पूर्वज मानणाऱ्या घराण्यांच्या मंडळापुढे, आणी आणि हा रीतसर लग्नाच्या नागरिक स्त्रीच्या पोटचा आहे अशी शपथ घेई. ज्याला ते मान्य नसेल त्याला यज्ञाचा पशू वेदीपासून दूर ओढून नेऊन आक्षेप नोंदवता येत असे. या समाजाला जन्म हा घोषित करण्याचा, आक्षेप सोसण्याचा आणि मग मान्य होण्याचा विषय वाटत होता. देवांच्या आईबापांविषयीची परस्परविरोधी वचने याच रीतीने वाचली, तर एका कवीच्या दाव्यावर दुसऱ्या कवीने घेतलेला आक्षेप म्हणून ती उमगतात.

चिकित्सक : हे मानले तर प्रश्न संपत नाही, फक्त नेमका होतो : आक्षेप घेण्याची सोय कोणाला होती? त्याच ‘आयॉन’ नाटकाचा शेवट तपासावा. अपोलोने बळजोरी केल्यामुळे गरोदर राहिलेल्या क्रेऊसाने, म्हणजे पुढे झूथसची पत्नी झालेल्या आयॉनच्या आईने, मूल गुहेत टाकून दिले होते. अनेक वर्षांनी टोपलीतल्या स्वतःच्या अर्धवट विणकामावरून ती त्याला ओळखते. आयॉन तिला बाजूला घेऊन विचारतो, की खरोखर देवच आपला बाप आहे की एखाद्या माणसाशी घडलेली चूक देवाच्या नावाआड लपवली जाते आहे. देवळात शिरून अपोलोलाच विचारायला तो निघतो, तेव्हा अपोलो समोर येत नाही. झाल्या गोष्टींचा जाब विचारला जाईल म्हणून तो अथीनेला पाठवतो. अथीना आयॉनला देवपुत्र ठरवते आणि लगोलग बजावते, की हे झूथसला कळू देऊ नये, त्याला हा मुलगा आपलाच आहे या समजुतीत राहू द्यावे. जो उत्तर देऊ शकतो तो गैरहजर, आणि जो आक्षेप घेऊ शकतो त्याला कळवायचेच नाही, अशा पायावर आयोनियनांचे कुळ उभे राहते.

रसिक : आणि तरीही हा पाया कवीने हजारो नागरिकांसमोर उघडा केला, त्यांतल्या कित्येकांनी अपाटुरियात स्वतः ती शपथ घेतलेली होती. झूथसला जे कळू द्यायचे नव्हते ते साऱ्या नगराला कळले, ही आक्षेपाची सोय नव्हे काय?

चिकित्सक : कळूनही नगराने तीच वंशावळ पुढे चालवली. आपल्या पूर्वजाचा जन्म कसा झाला हे समजल्यावर तो दावा सोडण्याऐवजी त्याचा अभिमान बाळगता येत असेल, तर त्याला जाणतेपण म्हणावे की सोयीस्कर बधिरता, याचा निर्णय कोणत्याही वंशवृक्षावरून करता येणार नाही. त्यासाठी क्रेऊसाला तो शेवट मान्य होता काय हे ठाऊक हवे, आणि तिच्या तोंडी असलेले मान्यतेचे शब्दही एका नागरिक पुरुषानेच लिहिलेले आहेत.